बाहेर पडायची वाट आधी बघा

मुरुडला आम्ही तिघे मित्र एक छोटा प्रोग्राम लिहितो आहोत. तिथी आणि बंदर सांगितलं, की तो भरती-ओहोटीची वेळ मराठीत दाखवतो. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड कुणीही पाहावा, सुधारावा, वापरावा. असा कोड सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावा लागतो. गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग ही संकेतस्थळं त्यासाठी फुकट जागा देतात. मग निवड कशी करायची?

जिथे गर्दी तिथे जा, असं बहुतेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे. गिटहबवर मदतीला माणूस लवकर मिळतो. पण गूगल कोडही एके काळी गजबजलेलं होतं. २०१६च्या जानेवारीत ते बंद झालं. डिसेंबर २०१४मध्ये तर सरकारी आदेशाने भारतात ३२ संकेतस्थळं अडवली गेली. त्यांत सोर्सफोर्ज होतं आणि गिटहबचा 'गिस्ट' हा विभागही होता.

जवळचं उदाहरण मराठी अक्षरांचंच आहे. 'लोहित' हे मुक्त फॉण्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळले. त्यांचं काम फेडोरा होस्टेडवर असे. ती सेवा २०१७ साली थांबली. पण काम 'पॅग्यूर'वर हलवलं गेलं आणि फॉण्ट टिकले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या 'गिट'मुळे प्रत्येक सहकाऱ्याकडे कोडची पूर्ण इतिहासासह प्रत असते. त्यामुळे कोड सहसा हरवत नाही. हरवतात त्या सूचना आणि चर्चा. राजपुरीच्या खाडीत आत पाणी किती उशिरा चढतं, हे एका नाखव्याने आम्हाला कळवलं. ते कोडमध्ये नाही, त्या संकेतस्थळावरच्या नोंदीत आहे. जागा बंद पडली तर ही माहिती जाईल.

म्हणून आम्ही गिटलॅब निवडलं. नोंदींसकट सगळा प्रकल्प तिथून उतरवून घेता येतो. गिटलॅबची मूळ आवृत्ती मुक्त असल्याने तो स्वतःच्या संगणकावर पुन्हा उभाही करता येतो. कोडची एक प्रत गिटहबवर आपोआप जाते, त्यामुळे तिथली माणसंही दुरावत नाहीत. जंजिऱ्याभोवती खारं पाणी असलं, तरी आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तशी दर महिन्याला एक प्रत आम्ही घरच्या डिस्कवर ठेवतो.

तुम्हीही जागा निवडताना आधी चार खोट्या नोंदी करा आणि सगळं बाहेर काढून बघा. निघालं नाही, तर दुसरी जागा शोधा.