अंगणातला मोगरा कुणाचा?

(प्रभागसंघाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण)



बचत, हप्ते, व्याज यावर आपण दर बैठकीला बोलतोच. आज तुमच्या अंगणातल्या फुलांवर बोलायचंय. हसू नका! त्यातही हिशोब आहे, आणि हिशोबापेक्षा मोठी एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगते.

वैशाखात रान करपून जातं, पण अंगणात मोगरा, मदनबाण, सोनचाफा, जास्वंद, सदाफुली फुललेली असतात. एरवी जमिनीत गुडूप झालेला मे-फ्लॉवरचा कंदसुद्धा लाल चेंडूसारखं फूल घेऊन वर येतो. झेंडूसारखं यांचं बी दरवर्षी पेरावं लागत नाही. एकदा लावा, जपा, वर्षानुवर्षं फुलं घ्या.

आता मोगऱ्याचं गुपित ऐका. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. म्हणून डिसेंबरात पाणी तोडायचं, झाडाला विसावा द्यायचा. मग गुडघ्याइतकं ठेवून छाटायचं, बुडाची माती हलवून शेणखत घालायचं आणि पाणी सुरू करायचं. "माझा मोगरा नुसता पाल्यावर जातो," असं कुणी म्हणालं तर मी दोनच गोष्टी विचारते. छाटणी केली होती का? आणि झाडाला दिवसभर ऊन लागतं का? सावलीतला मोगरा पानं देतो, कळ्या देत नाही. आत्ता मात्र मोठी छाटणी करू नका. एक बहर ओसरला की सुकलेली फुलं खालच्या दोन पानांसकट खुडा. तिथून नवा फुटवा येतो.

तुम्ही म्हणाल, "ताई, प्यायला पाणी नाही, फुलांना कुठून?" खरं आहे. डोक्यावरून हंडा आणणारीला मी मोगऱ्याला हंडा ओता म्हणणार नाही. पण भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाया घालवू नका. मोरीचं साबणाचं पाणी थेट मोगऱ्याला नको, ते कर्दळीला आणि केळीला सोडा. कर्दळ त्यावर मजेत फुलते. झाडाच्या बुडाशी तीन-चार बोटं पालापाचोळा पसरा. जुनं मडकं असेल तर तळाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घाला, मडकं बुडाशी पुरा आणि तोंड झाका. भरलेलं मडकं हळूहळू पाझरत राहतं. पाणी घालायचं ते दिवस मावळल्यावर.

जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर विकतचं औषध आणायची घाई नको. किडलेला शेंडा तोडून नष्ट करा. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून फवारा. आणि कण्हेर असेल तर लेकरं आणि शेरडं लांब ठेवा. तिचं पान, फूल, बी सगळंच विषारी आहे.

आता हिशोब. लग्नसराईत गजऱ्याला मागणी असते. कळी पांढरी, टपोरी, पण मिटलेली हवी. ऊन चढायच्या आत तोडा, ओल्या सुती फडक्यात ठेवा. एकीच्या अंगणातल्या कळ्यांना बाजार नाही, दहा जणींच्या एकत्र केल्या तर आहे. विक्रीची वही वेगळी ठेवा आणि पैसा जिच्या कळ्या तिच्या खात्यावर जाऊ द्या.

आता ती मोठी गोष्ट. आपल्या गटांत एकल मैत्रिणी आहेत. मोगऱ्याला पाणी ती घालते, कळ्या ती तोडते, गजरे ती ओवते. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसतं. तिच्या हातचा गजरा आपण माळतो, तिच्या केसांत मात्र चालत नाही. हे कुठलं गणित?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात नको, असा. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

ठरावाने सगळं एका दिवसात बदलत नाही. कुणी सासू बोलेल, कुणी शेजारीण तोंड फिरवेल. एकटीने गजरा माळला तर तिला बोलणी खावी लागतील. तिच्या शेजारी आपण दहा जणी बसलो तर बोलणाऱ्याला विचार करावा लागेल. आणि जिला माळायचा नसेल तिला आग्रहही नको. हो-नाही तिचं तिने ठरवायचं.

म्हणून दोन कामं सांगते. पहिला पाऊस पडला की प्रत्येकीने मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबा. मुळं सुटली की ते रोप ज्या मैत्रिणीकडे मोगरा नाही तिला द्या. आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा, की आपल्या हळदीकुंकवाला गटातल्या सगळ्या जणींना बोलावणं जाईल. खाली सगळ्यांनी सह्या करा.