पणजीचा पाडाव

युद्धाच्या अखेरीस एखादी राजधानी पडते, तेव्हा इतिहासाला बहुधा ढिगाऱ्यांचेच वर्णन करावे लागते. १९४५ च्या आरंभी मनिला शहर जपान्यांकडून परत घेतले गेले, तेव्हा तेथील लाखाच्या आसपास नागरिक प्राणांस मुकले होते. त्याच वर्षी २ मे रोजी बर्लिनने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा त्या नगरीचा मध्यभाग म्हणजे दगडविटांची रास झाली होती. बेळगावच्या घाटाखालीही एक राजधानी अशीच युद्धात पडली. ती पणजी होय. परंतु १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजी पडली, तरी ती पाडली गेली नाही. हे कसे घडले, ते पाहण्याजोगे आहे.

गोव्यावरील पोर्तुगीज सत्ता १५१० सालची. पणजीला राजधानीचा मान मिळाला तो पुढे १८४३ मध्ये. भारत स्वतंत्र झाल्यावर चौदा वर्षे वाटाघाटी, सत्याग्रह आणि नाकेबंदी हे सर्व मार्ग चोखाळून झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. या सर्व काळात बेळगाव हे गोमंतकीय कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली. पुढे ती कॅसलरॉकला गेली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे पोर्तुगीज व कोकणी भाषांत तीवरून बातम्या देत. लिस्बनच्या सरकारने दडपलेल्या गोष्टी गोव्यातील घराघरांत जात, त्या या मार्गाने.

१९६१ च्या डिसेंबरात बेळगावचे रूप पालटले. मेजर जनरल कँडेथ यांच्या अधिपत्याखालील सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव येथेच झाली. पुण्याहून येणारा हमरस्ता निपाणीवरून बेळगावास येतो. लोहमार्ग त्या वेळी मीटरगेज होता, आणि उत्तरेकडून ब्रॉडगेजने आलेल्या पलटणींना पुण्यास गाडी बदलावी लागे. बेळगावापासून पुढे दोन वाटा फुटतात. एक लोंढ्यावरून अनमोड घाटाकडे, दुसरी आंबोलीवरून सावंतवाडीकडे. हल्ल्याची योजनाही या दोन वाटांना धरूनच आखलेली होती. मुख्य चढाई पूर्वेकडून अनमोडमार्गे त्रेसष्टाव्या ब्रिगेडने करावयाची होती, तर ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या पन्नासाव्या छत्री ब्रिगेडकडे उत्तरेची दुय्यम कामगिरी सोपविलेली होती.

१८ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने सरहद्द ओलांडली. सांबऱ्याच्या विमानतळावरून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. मात्र तेथील इमारती वाचवाव्यात, अशी वैमानिकांना स्पष्ट ताकीद होती. दुय्यम मानलेली उत्तरेची ब्रिगेडच सर्वांच्या पुढे गेली. तिच्यातील मराठा पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे वळली, आणि रणगाड्यांसह निघालेली शीख पलटण त्याच संध्याकाळी मांडवीच्या उत्तर तीरावर बेतीला पोहोचली. समोर पणजीचे दिवे होते. नदीवर तेव्हा पूल नव्हता. रात्र त्याच तीरावर गेली, आणि १९ तारखेच्या सकाळी नावांतून नदी उतरून जवान शहरात आले. शहरात प्रतिकार झाला नाही.

हे सारे रक्ताविना झाले असे मात्र नव्हे. आग्वादच्या किल्ल्यातील कैदी सोडविताना मेजर शिवदेवसिंग सिद्धू कामास आले. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण पडले. भारताचे बावीस आणि पोर्तुगालचे सुमारे तीस सैनिक या मोहिमेत मृत्यू पावले.

तरीही राजधानी शाबूत राहिली, आणि त्याचे मोठे श्रेय पराभूत पक्षाच्या सेनापतीस द्यावे लागते. गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा यांच्या हाती जेमतेम साडेतीन हजार सैनिक होते. लढाऊ विमान एकही नव्हते. १४ डिसेंबरला हुकूमशहा सालाझार यांचा निरोप आला होता की, निदान आठ दिवस झुंजावे; शरणागती नको; सैनिक विजयी व्हावेत, नाहीतर मरावेत. पोर्तुगीज बांधणीच्या वास्तू नष्ट कराव्यात आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष लिस्बनला धाडावेत, अशाही आज्ञा होत्या. पणजीचा जुना आदिलशाही वाडा त्या वास्तूंत मोडत होता. वासालु ई सिल्वांनी पूल उडवू दिले, कारण ते युद्धाचे काम होते. परंतु वास्तूंना त्यांनी हात लावू दिला नाही आणि संतांचे अवशेषही हलविले नाहीत. पूर्वेकडील आपल्या राष्ट्राच्या वैभवाची साक्ष आपल्याच हाताने पुसणे त्यांस मान्य नव्हते. १९ तारखेच्या रात्री साडेआठ वाजता वास्को येथे ब्रिगेडियर ढिल्लन यांच्यासमोर त्यांनी शरणागतीपत्रावर सही केली. त्याच दिवशी सरदेसाई आणि लोबो विमानातून गोव्यावर फिरत होते. सहा वर्षे रानात लपून बोलणारा तो आवाज आता ध्वनिक्षेपकावरून उघडपणे मुक्तीची वार्ता सांगत होता.

आज्ञाभंगाची किंमत सेनापतीस मोजावी लागली. मायदेशी परतल्यावर १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली, तेव्हा कोठे त्यांचा दर्जा त्यांना परत मिळाला. सैनिकाने आज्ञा पाळावी, हा धर्म खराच. परंतु जी आज्ञा युद्ध जिंकून देत नाही आणि केवळ निरपराधांच्या घरादारांची राख मागते, ती पाळण्यात शौर्य ते कसले? पराभव पत्करूनही शहर राखणे हे अधिक कठीण कर्म होय. कारण त्याला ना विजयाची माळ मिळते, ना हौतात्म्याचे पुण्य.

१९८० मध्ये वासालु ई सिल्वा गोव्यास आले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. आदिलशाही वाडा आजही मांडवीच्या काठी उभा आहे. २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा तेथेच भरत असे. आणि दरवर्षी ३ डिसेंबरच्या सणासाठी बेळगाव भागातील यात्रेकरू पायी घाट उतरून जुन्या गोव्यास जातात, ते तेथेच राहिलेल्या संतांच्या दर्शनाला.