आई आली

कुंभकोणमच्या ज्या सरकारी महाविद्यालयात 1904 साली गणिती रामानुजन शिकत होते, त्याच महाविद्यालयात पुढे ति. जानकीरामन (1921–1982) यांचेही शिक्षण झाले. आरंभी शिक्षक, नंतर आकाशवाणीवर नोकरी. परंतु कावेरीकाठ त्यांच्या लेखणीने कधी सोडला नाही. ‘मोगमुळ्’ या त्यांच्या कादंबरीतील बाबू कुंभकोणमला शिकावयास येतो आणि वयाने वडील असलेल्या यमुनेवर त्याचे मन जडते. ही यमुना एका तंजावरी मराठी आईची मुलगी आहे, हे मराठी वाचकास सांगितलेच पाहिजे.

आजचा विषय मात्र ‘अम्मा वंदाळ्’ (1966) हा आहे. हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नाही. तरी त्याच्या मध्यभागी एक मूल आहे. अप्पूला कोवळ्या वयात मद्रासच्या घरातून उचलून कावेरीकाठच्या वेदपाठशाळेत ठेवले जाते. तेथे तो सोळा वर्षे राहतो. आई जिवंत आहे, पण जवळ नाही. पाठशाळेच्या मालकिणीची भाची इंदू ही त्याची बाळपणीची सोबतीण. ती लग्न होऊन जाते आणि विधवा होऊन परत येते. तिचे प्रेम अप्पूला घाबरवते. शिक्षण संपवून तो घरी जातो, तेव्हा आईचा परपुरुषाशी असलेला संबंध त्याच्या ध्यानी येतो. मुलाने वेदसंपन्न व्हावे आणि त्याच्या पुण्याईने आपले पाप जळून जावे, एवढ्यासाठी तिने त्याला दूर केले होते. म्हणजे त्याचे पोरकेपण हे तिचे प्रायश्चित्त होते! साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर (1935) वाढलेल्या वाचकाला हा घोट कडू लागेल, यात नवल नाही.

अनुवादकाची खरी कसोटी लागते ती शीर्षकापाशी. 1972 साली निघालेल्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘द सिन्स ऑफ अप्पूज मदर’. पहिले पान उघडण्यापूर्वीच निवाडा झाला! मूळ नावात पाप नाही, अप्पूही नाही. आहे ते केवळ येणे. ‘वंदाळ्’ या क्रियापदाच्या शेवटी असलेला ‘आळ्’ स्त्रीलिंग दाखवतो आणि एकवचनही. त्यात आदरार्थी बहुवचनाचा दुरावा नाही. मराठीत ‘आई आली’ म्हटले की हे सारे आपोआप साधते. दाराशी उभे राहून वाट पाहणारे पोर नेमके हेच दोन शब्द उच्चारते.

आणि ती येते, अगदी शेवटी. काशीला जाण्यापूर्वी ती पाठशाळेत मुलाला भेटावयास येते. ज्याच्या पायांशी पाप ठेवावे असा ऋषी तिला तेथे भेटत नाही. भेटतो तो इंदूजवळ परतलेला, तिच्याच वळणाचा मुलगा. मग ती एकटीच काशीची वाट धरते.