तापलेला समुद्र आणि डोंगराखालची वाडी

(कळंब येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



हवामानबदलाचा विषय निघाला की, ‘मानवजातीने निसर्गाचा ऱ्हास केला’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते वरवर नम्र वाटते. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे त्याने समाधान होत नाही. कोळसा कोणी जाळला, त्यातून संपत्ती कोणाकडे साठली आणि नुकसान कोणाच्या पदरी पडले, हे प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते; आज ते 420 च्या वर गेले आहेत. कोळसा, तेल व वायू जाळून आजवर हवेत सोडलेल्या या वायूपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. तिच्या चौपट लोकसंख्येच्या भारताचा हिस्सा चार टक्क्यांहूनही कमी भरतो. हा वायू शतकानुशतके हवेत टिकतो. म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांनी जाळलेल्या कोळशाचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. अर्थात, देशाच्या या सरासरीआड आपल्याकडील धनिक वर्गालाही लपू देता कामा नये.

तो धूर कर्जत-खालापूरपर्यंत पोचतो समुद्रामार्गे. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषतो. अरबी समुद्र तापतो, हवेतील बाष्प वाढते आणि महिन्याचा पाऊस दोन-तीन दिवसांत कोसळतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले आहे.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले. 57 माणसे बेपत्ताच राहिली. वाडी ठाकूर आदिवासींची होती. एका दरडीचे सारे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. डोंगराचा उतार आणि खडकाची झीज हीही कारणे असतात. परंतु पाऊस असाच पिसाळत जाणार असेल, तर उताराखाली राहणाऱ्याचा धोका दरवर्षी वाढणार, हे उघड आहे.

जग जवळ आले आहे, असे म्हणतात. आपला भाग तर शतकापूर्वीच जोडला गेला. 1915 साली खोपोलीची आणि 1922 साली भिवपुरीची वीज मुंबईकडे गेली. कातकऱ्यांनी भट्ट्या लावून पाडलेला कोळसाही शहरांनीच वापरला. आता शहराचा पैसा शेतघरांसाठी येथील जमिनी घेतो आहे. हे परस्परावलंबन खरे. पण त्यात नफा एका दिशेने वाहतो आणि जोखीम दुसऱ्या.

2022 साली शर्म-अल-शेख येथील परिषदेत हवामानाच्या हानीसाठी निधी उभारण्याचे ठरले. आपले म्हणणे एवढेच की, ते दान नसून देणे आहे, आणि ते राजधान्यांत न अडकता वाडीपर्यंत पोचले पाहिजे.

इर्शाळवाडीकरांसाठी नवी घरे बांधली गेली, ती दरड कोसळल्यानंतर. हा क्रम उलटा करणे हे आपले काम आहे. उताराखालच्या प्रत्येक वाडीची भूवैज्ञानिक तपासणी, ग्रामसभेच्या संमतीने वेळीच पुनर्वसन आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेल्या हक्कांची हमी, या तीन मागण्या घेऊन आपण वाडीवाडीत गेले पाहिजे. वाडीची यादी पावसाळ्याआधी तयार असेल, तरच तिचा उपयोग.