‘शिक्षा’ आणि ‘तालीम’



तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. येथला माणूस सोलापूरच्या बाजारात गेला की त्याच्या कानांवर मराठीखेरीज तेलुगू, कानडी आणि दखनीही पडते. अशा मुलखात शब्दांविषयी बोलणे आम्हांस सोपे जाते.

आमचा आजचा शब्द आहे ‘शिक्षा’. तो ऐकताच मराठी माणसापुढे न्यायाधीश तरी उभा राहतो, नाहीतर छडी घेतलेले मास्तर. तेलुगूत अर्थ हाच. कानडीतही हाच, फक्त तेथे तो ‘शिक्षे’ होतो. हिंदीत आणि बंगालीत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण. लखनौचा गृहस्थ मुलीची ‘शिक्षा’ पूर्ण झाल्याचे कौतुकाने सांगू लागला, तर आमच्याकडची आजीबाई विचारील, “अगं बाई, काय केलं होतं हो तिनं?”

यात कोणीच चुकलेले नाही. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे; समर्थ होण्याच्या इच्छेतून ‘शिक्ष्’, आणि त्यातूनच आपले शिकणे. सहा वेदांगांतली ‘शिक्षा’ तर उच्चाराचे शास्त्र आहे. मग दंड कोठून आला? ‘त्याला चांगला धडा शिकवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या धड्यात पुस्तक कोठे असते? शब्द त्याच वाटेने गेला. आमच्या जुन्या शाळांनी ती वाट पुष्कळ रुंद केली, हा भाग निराळा!

युरोपातही हेच. देण्याच्या धातूवरून झालेला ‘गिफ्ट’ हा शब्द इंग्रजीत भेटवस्तू आहे, जर्मनमध्ये विष. स्वीडिश भाषेत तो विषही आहे आणि ‘विवाहित’ही; त्यावर आम्ही अधिक बोलत नाही.

संस्कृत शब्द घेतला की तो देशभर सारखाच कळेल, असा एक समज आहे. राज्यघटनेच्या 351 व्या कलमाने हिंदीला शब्दांसाठी प्रामुख्याने संस्कृताकडे पाहावयास सांगितले आहे. परंतु संस्कृत शब्द प्रांतोप्रांती संसार थाटून बसले आहेत. फारसी-अरबी शब्दांचेही तेच. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चाले. त्या उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. गावात मात्र तालमीत जाणारा पोरगा लंगोट घेऊन जाई!

हसण्यापुरते हे ठीक. पण कायद्याचा कागद गरिबाच्या हाती पडतो, तेव्हा त्यास शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो, आपल्या घरचा. 2009 चा केंद्राचा कायदा पाहा. हिंदीत त्यात ‘अनिवार्य बाल शिक्षा’चा अधिकार आहे. नुसती मराठी जाणणाऱ्या बापाने हे वाचले, तर पोराला शाळेत धाडावे की घरी लपवावे? मराठीत तेथे ‘सक्तीचे शिक्षण’ असे लिहावे लागते. अक्षरे तशीच उचलून चालत नाही. आणि त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलांना मारण्यास बंदी केली आहे. म्हणजे हिंदीतली शिक्षा सक्तीची, आणि मराठीतली मना.