वर्गणीची वही



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अँग्लिकन कॅथीड्रल, त्यासाठी निधी जमवणारे स्वयंसेवक, त्यांचे उत्सव नि कार्यक्रम. याच्याशी वाशीमकरांचा काय संबंध? आपल्या गावात बालाजीचे देऊळ आहे, पद्मतीर्थ आहे. ख्रिस्ती मंडळींचे काम म्हणाल तर येथे मेथडिस्ट पंथाचे आहे आणि त्यांचे रेनॉल्ड्स हॉस्पिटल सर्वांना ठाऊक आहे. पण कॅथीड्रल पाहायचे तर गाव सोडावे लागते. हे सारे खरे. तरीही वर्गणी हा शब्द ज्याला परका आहे असा एकही माणूस या सभेत नसेल. आपल्यापैकी अर्ध्यांनी ती मागितली आहे आणि उरलेल्या अर्ध्यांनी, ती मागणारे दारात दिसताच, मुलाला 'बाबा घरी नाहीत' असे सांगायला पाठवले आहे. तेव्हा विषय आपलाच आहे, फक्त देऊळ दुसऱ्याचे आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. चर्च म्हणजे ख्रिस्ती उपासनामंदिर. अनेक चर्चे मिळून जो धर्मप्रांत होतो त्याच्या प्रमुखाला बिशप म्हणतात आणि ज्या चर्चमध्ये बिशपाचे आसन असते ते कॅथीड्रल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आसन असा आहे. इमारत भव्य असलीच पाहिजे असे नाही. आसन असले म्हणजे झाले. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या परंपरेतला पंथ. कंपनी सरकारबरोबर तो हिंदुस्थानात आला.

आपला सर्वसाधारण समज असा की राज्य त्यांचे, तिजोरी त्यांची, तेव्हा ही मंदिरे सरकारी पैशाने एका हुकमात उभी राहिली असतील. मुंबईच्या सेंट टॉमस कॅथीड्रलची हकीकत पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. ती हकीकत वर्गणीची आहे, आणि वर्गणीच्या वाटेत जेवढे खाचखळगे असतात तेवढे सगळे तिच्यात आहेत.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७६ च्या सुमारास मुंबईत इंग्रजांसाठी चर्च बांधायला घेतले. भिंती पुरुषभर उंचीच्या वर गेल्या आणि काम थांबले. ते किती वर्षे थांबावे? जवळजवळ चाळीस! एक पिढी त्या अर्धवट भिंती पाहत म्हातारी झाली. का थांबले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात उघड आरोप केला आहे की, चर्चसाठी जमलेला पैसा पुढे मुंबईचा कारभारी झालेल्या सर जॉन चाइल्ड याने गिळला. हॅमिल्टन हा कंपनीच्या कारभाऱ्यांचा कडवा टीकाकार होता, तेव्हा त्याचा शब्द तराजूत घालूनच घ्यावा. पण आरोप खरा असो वा खोटा, लोकांत तो बोलला जात होता आणि भिंती तशाच उभ्या होत्या, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. ज्या कार्याच्या हिशेबाबद्दल कुजबूज सुरू होते त्याला पुन्हा हात घालायला कोणी धजत नाही. वर्गणीत पैसा दुसरा, विश्वास पहिला.

पुढे १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री मुंबईस आला. तोवर प्रार्थना किल्ल्यातल्या एका दालनात होत असे. दुसऱ्या वर्षी कॉबने व्यासपीठावरून गव्हर्नर एझलाबी याच्या समक्षच या लाजिरवाण्या भिंतींवर उपदेश केला. उपदेश संपल्यावर गव्हर्नरने त्याला छेडले. त्यांच्यातला संवाद कॉबने पुढे म्हातारपणी, १७६६ मध्ये, छापून प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दिला आहे. त्याचा मथितार्थ असा, की चर्च हवेच असेल तर होऊ द्या, एक वही करा, कोण किती देतो ते पाहू आणि पहिला आकडा मी घालतो.

श्रोतेहो, या तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. वही, जाहीर आकडा, आणि पहिली सही मोठ्या माणसाची. आपल्याकडे गणेशोत्सवाची पावतीपुस्तके घेऊन निघणारी पोरे याहून वेगळे काय करतात? पहिले पान गावातल्या मोठ्या पेढीवर भरून घ्यायचे आणि मग ते पान दाखवत पुढची दुकाने घ्यायची. पहिली सही नुसते पैसे देत नाही, ती पुढच्या माणसाची मान सोडवते. कॉबने ती वही मुंबईत फिरवली, शिवाय कंपनीच्या बाहेरगावच्या वखारींनाही पत्रे धाडली. चाळीस वर्षे अडलेले काम तीन वर्षांत उरकले, आणि १७१८ च्या नाताळात, २५ डिसेंबर रोजी, चर्च उपासनेस खुले झाले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्याच्याकडे रस्ता जाई तो चर्चगेट. दरवाजा गेला, पण नाव आगगाडीच्या स्टेशनाने जिवंत ठेवले आहे. मुंबईचे जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजत असत.

आता त्या दिवशीचा एक पाहुणा. त्याचे नाव रामा कामती. शेणवी जातीचा हा मातब्बर व्यापारी कंपनीचा जुना साहाय्यक होता. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ च्या सुमाराचा जीर्णोद्धार त्याच्याच नावावर सांगितला जातो. म्हणजे कॉब वही घेऊन फिरत होता त्याच सुमारास हा गृहस्थ आपल्या देवाचे घर उभारत होता. चर्चच्या उद्घाटनाला तो आपल्या ज्ञातिबांधवांसह आला. कॉब लिहितो की, उपासनेतली शिस्त पाहून ही मंडळी प्रसन्न झाली आणि शेवटपर्यंत बाहेर उभी राहून पाहत होती. एका देवळाचा कर्ता दुसऱ्याच्या देवळाच्या सोहळ्याला येतो. यापेक्षा सुंदर दृश्य कोणते?

पण इतिहास येथे थांबत नाही. दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, याच रामा कामतीवर कान्होजी आंग्ऱ्यांशी संधान बांधल्याचा आरोप आला. साक्षीदाराचा छळ करून जबानी काढण्यात आली आणि एक पत्र पुढे करण्यात आले. ते बनावट असल्याचे पुढील अभ्यासकांचे मत आहे. रामाची मालमत्ता जप्त झाली आणि तो बंदिवासातच मेला. तेव्हा गव्हर्नर होता चार्ल्स बून, म्हणजे १७१८ च्या त्या नाताळात चर्चमध्ये मानाच्या जागी बसलेला तोच गव्हर्नर!

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. शेजाऱ्याने आपल्या सोहळ्याला यावे, शोभा वाढवावी, आणि संकटाच्या वेळी आपण त्याला ओळखसुद्धा दाखवू नये, असे झाले तर तो सोहळा खोटा ठरतो. निधी जमवणाऱ्याने दोन हिशेब ठेवायचे असतात. एक पैशाचा, तो तपासनीस तपासतो. दुसरा माणुसकीचा, तो तपासायला काळ बसतो. सेंट टॉमसचा पहिला हिशेब कॉबने सावरला. दुसऱ्यात त्या वेळच्या मुंबई सरकारच्या नावे मोठी बाकी राहिली.

पुढे १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, टॉमस कार पहिले बिशप झाले आणि चर्चचे कॅथीड्रल बनले. त्याच्या दारासमोर एक नक्षीदार कारंजे आहे. आराखडा इंग्लंडचा नामांकित वास्तुशिल्पी गिल्बर्ट स्कॉट याचा आणि पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराचा. अग्नीची उपासना करणाऱ्याने ख्रिस्ताच्या दारात पाणी वाहवले. अलीकडच्या काळात कॅथीड्रलचे जतन इतक्या साक्षेपाने झाले की, २००४ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातला वारसा-जतनाचा पुरस्कार त्याला दिला.

आता आपल्या जवळ, नागपुरास येऊ. सदर भागातले ऑल सेंट्स कॅथीड्रल १८५१ मध्ये एक लहानसे चर्च म्हणून उभे राहिले. १८७९ च्या सुमारास बॉडली या इंग्रज वास्तुशिल्पीच्या आराखड्याने ते वाढवण्यात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर धर्मप्रांत स्थापन झाल्यावर ते कॅथीड्रल झाले. पहिले बिशप आयर चॅटर्टन यांनी गोंडवनाचा इतिहास लिहिला, म्हणून आपल्या भागाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित आहे. पण या वास्तूचा मोठा दिवस राज्यकर्ते निघून गेल्यावर उगवला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिच्याच आवारात सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आले. अँग्लिकन हे त्या सहांपैकी एक. वाशीमची मेथडिस्ट मंडळी ज्या संस्थेची, ती मात्र अखेरच्या घटकेला त्या ऐक्यापासून दूर राहिली. तेव्हापासून मुंबईचे आणि नागपूरचे कॅथीड्रल या भारतीय चर्चचे आहे. अँग्लिकन हा त्यांचा वारसा. मालकी येथल्या मंडळीची.

मालकी आली म्हणजे गळके छप्परही आले. राजा गेला की देवळाचे काय होते, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. बालाजीचे मंदिर भवानी काळू या दिवाणाने बांधले. दिवाण गेले, दिवाणगिरी गेली, पण मंदिर उभे आहे. कारण गावाने ते आपले मानले. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. राव बांधू शकतो, पण टिकवणे गावाच्याच हाती असते.

ही गोष्ट इंग्लंडलाही शिकावी लागली. कँटरबरीचे कॅथीड्रल हे सगळ्या अँग्लिकन जगाचे माहेर. तेथे १९२७ मध्ये जॉर्ज बेल या प्रमुख पाद्र्याने 'कॅथीड्रलचे मित्र' ही संस्था काढली. कल्पना साधी होती. बड्या धनिकाची वाट पाहायची नाही. ज्याला या वास्तूविषयी आपुलकी आहे त्याने दरवर्षी थोडे द्यावे आणि मित्र म्हणवून घ्यावे. मार्गारेट बॅबिंग्टन नावाच्या बाईंनी या संस्थेचा कारभार सुमारे तीस वर्षे जिवापाड सांभाळला. मित्रांनी नुसत्या पावत्या फाडल्या नाहीत. त्यांनी उत्सव सुरू केला, संगीत बसवले, नाटके लिहून घेतली. टी. एस. एलियटचे 'मर्डर इन द कॅथीड्रल' हे नाटक १९३५ च्या कँटरबरी उत्सवासाठीच लिहिले गेले. छपरासाठी माणसे जमवायला निघाले आणि वाङ्मयाच्या पदरात एक अक्षय नाटक पडले!

आपल्याकडेही असे घडले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि माणशी एकेका पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे काच, येथे छप्पर, रीत एकच. पैसा लहान ठेवायचा म्हणजे माणूस मोठा होतो. हजार रुपये देणारा उपकार करतो, एक पैसा देणारा भागीदार होतो.

व्यवहारी माणूस येथे म्हणेल, 'नाताळची गाणी, विक्रीची जत्रा, चहाफराळ या खटाटोपातून हाती लागते किती? मांडव, दिवे, वाजंत्री यांतच निम्मे जाते. त्यापेक्षा चार धनिकांकडे जा नि मोकळे व्हा.' हिशेबात तो चुकत नाही, पण हिशेबाच्या पलीकडे तो पाहत नाही. ज्या बाईने विक्रीसाठी रात्र जागून लाडू वळले, ज्या मुलाने खुर्च्या वाहिल्या, ज्या म्हाताऱ्याने दारात बसून तिकिटे फाडली, त्यांना ती वास्तू दुसऱ्या दिवशीपासून आपली वाटू लागते. कार्यक्रमातून निधी थोडा मिळतो, राखणदार पुष्कळ मिळतात.

राखणदार म्हणजे काय, ते लंडनने २९ डिसेंबर १९४० च्या रात्री पाहिले. शहरावर आगीचे बाँब पडत होते. सेंट पॉल कॅथीड्रलसाठी स्वयंसेवकांचे एक पहारा-पथक होते. त्यांत वास्तुशास्त्र जाणणारे लोक होते, दिवसा आपापली नोकरी करणारे लोक होते. पाण्याच्या बादल्या नि हातपंप घेऊन ते छपरांवर उभे राहिले. एक बाँब घुमटावरच रुतला, शिसे वितळू लागले. सुदैवाने तो बाहेरच्या सज्जावर पडला आणि विझवण्यात आला. भोवतालचा भाग जळाला, घुमट राहिला. त्या रात्री कोणत्याही धनिकाचा धनादेश उपयोगी पडला नसता.

मित्रहो, आता समारोप करतो. ज्या मंडपात आपण बसलो आहोत तोही वर्गणीवर उभा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून हा ज्ञानाचा उत्सव गावोगाव लोकांच्या पैशावर नि कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर चालत आला आहे. तेव्हा उद्या कोणी वही घेऊन दारात आला, मग ती देवळाची असो, मशिदीची असो, चर्चची असो की वाचनालयाची, तर मुलाला पुढे करू नका, स्वतः बाहेर या. मागच्या वर्षीचा हिशेब विचारा. तो विचारणे हा आपला अधिकार आहे आणि दाखवणे हे त्याचे कर्तव्य. हिशेब चोख असेल तर आपल्या ऐपतीचा आकडा घाला. आणि वही जर शेजारधर्माची असेल तर एक गोष्ट अधिक करा. त्याच्या सोहळ्याला जा, पण त्याच्या वाईट दिवसातही जा. रामा कामतीच्या वाईट दिवसात कोणी गेले नाही. ती बाकी फेडायला तीनशे वर्षांनंतरही उशीर झालेला नाही.