रिकामा लोटा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आज देणगीदारांचा गौरव झाला, तो यथोचितच आहे. मला मात्र एका जुन्या ऋणाचा उल्लेख करावयाचा आहे.

माझे आजोबा १९३४ साली मारवाडातून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आले. पाठीवर कापडाचे गाठोडे घेऊन ते आठवडे बाजार करीत. खण, लुगडे, मांजरपाट हे शब्द त्यांना गिऱ्हाइकांनीच शिकविले. आजी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, हे कळल्यावर शेजारणींनी हळदीकुंकू दिवस असतानाच करण्याचा प्रघात पाडला.

हा आपलेपणा सहज लाभलेला नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजराती सावकारांचे कर्जरोखे जाळले. तो उद्रेक आपल्या जिल्ह्यातही पोहोचला. स्मरणिकांतून हे पान आपण गाळतो. पण ते आपलेच आहे. याच जिल्ह्यातील कुंदनमलजी फिरोदिया १९४६ साली मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. एवढे अंतर समाजाने कोणत्या पुंजीवर कापले, हे मला दुकानातच उमगले.

बी.कॉम. होऊन १९८१ मध्ये मी गादीवर बसलो. १९७२ च्या दुष्काळातील उधारी खतावणीत तशीच होती. "नोटिसा पाठवू," मी म्हणालो. आजोबांनी खतावणी मिटली. म्हणाले, "बेटा, रिकामा लोटा घेऊन आलो होतो. तो याच लोकांच्या विहिरीवर भरला. ती नोंद कोणत्या खात्यावर आहे?" मजजवळ उत्तर नव्हते.

आज आपल्या दुकानांत बिहार, उत्तर प्रदेशातील मुले राबतात आणि रात्री कापडाच्या गाठींवर झोपतात. आपण त्यांना 'ए भैया' म्हणून हाक मारतो. माझ्या दुकानातील मुलाचे नाव मी दोन वर्षांनंतर विचारले, हे येथे कबूल करतो. आजोबांची हीच अवस्था होती. फक्त त्यांना शेजार चांगला मिळाला.

आपल्या धर्मशाळेच्या मागील दोन खोल्या चातुर्मास वगळता रिकाम्या असतात. तेथे या मुलांसाठी रात्रीचा मराठी वर्ग सुरू करावा, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. पहिल्या वर्षाचा खर्च मी देईन. त्याची पाटी मात्र लावू नये. ती जुन्या उधारीची फेड आहे.

बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!